धुराचे देणे

आमच्या सीमाभागात तंबाखूविषयी वाईट बोलणे सोपे नाही. निपाणीच्या काळ्या रानात पिढ्यान् पिढ्या पिकलेल्या या पानाने कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, मुलींची लग्ने पार पाडली, मुलांना शाळेत धाडले. विड्या वळून आणि वखारीत तंबाखू चाळून, तिची धूळ नाकातोंडात घेत, अनेक आयाबायांनी संसार सावरले. १९८१ साली याच पिकाला रास्त भाव मिळावा म्हणून निपाणीचे शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले होते, हे आमच्या वयाच्या लोकांना चांगले आठवते. तेव्हा मी येथे जे लिहिणार आहे, त्यात पिकवणाऱ्याची किंवा विडी वळणाऱ्या हातांची निंदा कोणी शोधू नये. ते पान पेटवून त्याचा धूर छातीत घेतला म्हणजे पुढे शरीरात काय घडते, आणि जे घडते ते आवळा, पेरू किंवा औषधाच्या दुकानातील गोळी खाऊन भरून काढता येते काय, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न माझ्या पुतण्याने मला घातला. तो चौतिशीचा आहे. बेळगावच्या उद्यमबागेत एका ओतकामाच्या कारखान्यात कामाला आहे. कष्टाळू, घरात जीव असलेला, दोन लहान लेकरांचा बाप. दिवसाला दहापंधरा सिगारेटी ओढतो. गेल्या दिवाळीनंतर घरी आला असता मी या विषयावर काही बोलणार, हे ओळखून त्यानेच आधी तोंड उघडले. तो म्हणाला, "काका, मी आता धुरावर उतारा शोधला आहे. सकाळी आवळ्याचा रस घेतो, रात्री जीवनसत्त्वांची एक गोळी घेतो. धुराने जे जाते ते फळाने परत येते. हिशेब चुकता!"

मी बत्तीस वर्षे शाळेत अंकगणित शिकवले. कोणी हिशेब मांडला तर त्याला रागावून उत्तर देऊ नये, त्याचा हिशेब तपासून द्यावा, असा माझा शिरस्ता आहे. म्हणून त्या दिवशी मी गप्प राहिलो. पुढे काही महिने या विषयावर मिळेल ते वाचले, ओळखीच्या डॉक्टरांना अडलेले विचारले. त्यातून जे हाती आले, ते पुतण्याबरोबर इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटून येथे मांडतो.

प्रथम रक्तवाहिन्यांची ओळख करून घेऊ. रक्तवाहिनी म्हणजे घरातील नळासारखी एक निर्जीव नळी, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तिच्या आतल्या बाजूस पेशींच्या एकाच थराचे अतिशय नाजूक अस्तर असते, आणि ते क्षणोक्षणी राबत असते. आपण चढ चढू लागलो किंवा लाकूड फोडू लागलो की स्नायूंना अधिक रक्त हवे असते. तेव्हा हे अस्तर नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात सोडते. त्याने वाहिनीची भिंत सैल होते आणि वाट रुंदावते. रक्तातील गोठणाऱ्या कणिकांना भिंतीला चिकटू न देण्याचे कामही हाच वायू करतो. भिंत सैल होण्याची आज्ञा या अस्तराकडून येते, हे रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८० साली दाखवून दिले. ती आज्ञा नेणारा निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साईड, हे त्यानंतर सिद्ध झाले आणि १९९८ साली फर्चगॉट, लुई इग्नारो व फरीद मुराद या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता धुराकडे वळू. विडी असो वा सिगारेट, तिच्या धुरात हजारो रासायनिक द्रव्ये असतात. त्यांपैकी तीन आपल्या विषयापुरती लक्षात ठेवावीत. पहिले निकोटीन. ते रक्तवाहिन्या आवळते आणि हृदयाचे ठोके वाढवते. चटक लागते तीही त्याचीच. दुसरे कार्बन मोनॉक्साईड. रक्तातील तांबडा पदार्थ, ज्याला हिमोग्लोबिन म्हणतात, तो प्राणवायू वाहून नेतो. परंतु हा विषारी वायू त्या पदार्थाला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे गाडी भरलेली दिसते, पण तिच्यात माल भलताच असतो. तिसरे म्हणजे मुक्त मूलके. ज्यांचा एक विद्युत्कण जोडीविना राहिला आहे, असे हे अस्वस्थ रेणू शेजाऱ्याचा विद्युत्कण हिसकावून घेतात. मग तो शेजारी तिसऱ्यावर धाड घालतो, तिसरा चौथ्यावर, आणि अशी लुटालूट पुढे पुढे चालू राहते. सिगारेटच्या एका झुरक्यात यांची संख्या एकावर पंधरा शून्ये मांडावी इतकी असते.

ही मूलके रक्तात आणि वाहिन्यांच्या अस्तरात जो गोंधळ माजवतात, त्यात नायट्रिक ऑक्साईडचा बळी जातो. निरोप्याच मारला गेला की आज्ञा पोहोचत नाही. भिंत सैल होत नाही, कणिका चिकटू लागतात. रक्तातील स्निग्ध पदार्थ याच माऱ्याने बिघडतात आणि भिंतीत साठत जातात. वर्षामागून वर्षे लोटतात आणि वाट अरुंद होते. ही वाट हृदयाची असेल तर हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूची असेल तर पक्षाघात होतो.

हे सारे पुस्तकात वाचण्यापूर्वी मी त्याचा एक प्रकार माझ्या थोरल्या मामांच्या पायात पाहिला होता. मामा सुतार होते. १९७४ साली ते अडतीस वर्षांचे होते. दिवसाला तीसेक विड्या ओढीत. मधुमेह नाही, दारू नाही, अंगाने लोखंडासारखे. एके वर्षी चालताना त्यांची डावी पोटरी भरून येऊ लागली. घरापासून बाजारापर्यंत जाताना दोनदा थांबावे लागे. थंडीत पाऊल पांढरे पडे, मग निळे. रात्री पाय खाटेखाली लोंबत सोडून ते बसून राहत, कारण आडवे झाले की वेदना वाढे. पुढे अंगठ्याजवळच्या बोटाला साधी जखम झाली. ती भरेना, काळी पडू लागली. तेव्हा त्यांना बेळगावला दाखवण्यात आले.

त्यांच्या आजाराला बर्गरचा रोग म्हणतात. लिओ बर्गर या डॉक्टरांनी १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला पडले. या रोगात हातापायांच्या लहान व मध्यम वाहिन्यांना सूज येते, त्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासे होते. तो बहुधा पंचेचाळिशीच्या आतल्या माणसांना होतो, आणि तंबाखूचा संबंध नाही असा रोगी क्वचितच सापडतो. आपल्या देशात विडी ओढणाऱ्या कष्टकऱ्यांत तो पुष्कळ आढळला आहे. त्याला बांध घालणारा उपाय एकच: तंबाखू कायमची आणि पूर्णपणे सोडणे. सोडणाऱ्याचा पाय बहुतेक वेळा वाचतो. न सोडणाऱ्यांपैकी अनेकांना एखादे बोट किंवा आख्खा पाय गमवावा लागतो.

डॉक्टरांनी मामांना हे स्पष्ट सांगितले होते. एक बोट काढावे लागले, जखम भरली. मामांनीही मनावर घेतले. तीस विड्यांवरून चारांवर आले. मामी मोजून देत असे: सकाळी एक, जेवणानंतर दोन, रात्री एक. माझ्या आईने विचारले तर मामा म्हणत, "अगं, चारच! एवढ्याने काय होणार?" त्या माणसाने किती धीराने सव्वीस विड्या सोडल्या हे आम्ही पाहत होतो, म्हणून त्यांना कोणी बोलत नसे. परंतु या रोगाला एकदोन विड्याही पुरतात. दीड वर्षाने त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर त्यांनी एकही विडी ओढली नाही, आणि उजवा पाय अखेरपर्यंत शाबूत राहिला. खाटेवर बसून ते रंधा मारीत. पण छपराच्या कामावर ते पुन्हा चढले नाहीत. हाताखालच्या पोराला खालून सूचना देताना त्यांचा आवाज चढे, आणि मग ते एकाएकी गप्प होत.

पुतण्या म्हणेल, मामांना विचित्र रोग होता; तो सर्वांना होत नाही. हे खरे आहे. म्हणून त्याचाच हिशेब, त्याच्याच आकड्यांनी तपासून पाहू.

शरीराने मुक्त मूलकांपुढे अगदीच शरणागती पत्करलेली नाही. ती शांत करणारी काही द्रव्ये आपल्या रक्तात असतात; शास्त्रात त्यांना ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये म्हणतात. औषधाच्या बाटल्यांवर अँटीऑक्सिडंट असा शब्द असतो, तो यांच्याविषयीच. क जीवनसत्त्व आणि ई जीवनसत्त्व आपल्याला अन्नातून मिळते. ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य शरीर स्वतः बनवते. ही द्रव्ये आपला विद्युत्कण देऊन त्या लुटारूला तृप्त करतात आणि भांडण तेथेच मिटवतात. मात्र ते करताना स्वतः खर्ची पडतात. म्हणूनच दोन माणसांनी सारखेच अन्न खाल्ले, तरी धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात क जीवनसत्त्व कमी आढळते. २००० साली अमेरिकेतील वैद्यकीय संस्थेने असे ठरवून दिले, की धूम्रपान करणाऱ्याला इतरांपेक्षा रोज ३५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व अधिक लागते.

पस्तीस मिलिग्रॅम! एका मध्यम पेरूत याहून कितीतरी अधिक असते, आवळ्याची तर गोष्टच सोडा. येथवर पुतण्याचा हिशेब बरोबर दिसतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. जमेची बाजू खर्चापेक्षा मोठी दिसते. परंतु रक्तात जीवनसत्त्व वाढले म्हणून वाहिनी सुधारली काय, हे वेगळे तपासावे लागते. आणि तसे ते तपासले गेले आहे.

वाहिनीची परीक्षा मोठी सोपी आहे. दंडावर रक्तदाब मोजण्याचा पट्टा आवळून काही मिनिटे रक्त अडवतात, मग पट्टा एकदम सोडतात. रक्ताचा लोंढा येताच निरोगी वाहिनी रुंदावते. किती रुंदावली हे ध्वनिलहरींच्या यंत्रावर दिसते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वरवर निरोगी असलेल्या तरुण माणसांच्या वाहिन्या अशा रीतीने तपासल्या. धूम्रपान करणाऱ्यांच्या वाहिन्या रुंदावण्यात मागे पडल्या. जितके धूम्रपान अधिक, तितक्या अधिक मागे. छातीत कळ नाही, दम नाही, खोकला नाही, अशा माणसांची ही स्थिती होती. पुढे २००० साली दुसऱ्या एका प्रयोगात धूम्रपान करणाऱ्यांना तोंडावाटे क जीवनसत्त्व देण्यात आले. दोन ग्रॅम दिल्यावर दोन तासांनी त्यांच्या वाहिन्या खरोखरच अधिक रुंदावल्या. मात्र रोज एक ग्रॅम याप्रमाणे आठ आठवडे दिल्यावर जेव्हा पुन्हा मोजले, तेव्हा तो लाभ टिकलेला दिसला नाही. रोजचा एक ग्रॅम म्हणजे त्या पस्तीस मिलिग्रॅमच्या अठ्ठावीस पटींहून अधिक. तेवढ्यानेही वाहिनी सुधारली नाही.

गोळ्यांची कथा याहून गंभीर आहे. गाजरात व पिवळ्या फळांत बीटा कॅरोटीन नावाचे द्रव्य असते. तेही मुक्त मूलकांना शांत करणारे म्हणून ओळखले जाते. फिनलंड देशात धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल या आशेने काहींना बीटा कॅरोटीनच्या, काहींना ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाच ते आठ वर्षे देण्यात आल्या. १९९४ साली निष्कर्ष आले तेव्हा सारे थक्क झाले. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेत अशाच एका प्रयोगात बीटा कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्व देत होते. तेथेही रोग २८ टक्क्यांनी अधिक आढळला आणि १९९६ च्या जानेवारीत तो प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. गाजर खाल्ल्याने असे होते, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये; अन्नातील द्रव्य आणि गोळीतील मोठी मात्रा यांत फरक आहे. परंतु धुराच्या भरवशावर गोळ्या घेणाऱ्याने हे दोन प्रयोग विसरू नयेत.

कारणही समजण्यासारखे आहे. क जीवनसत्त्वाने कार्बन मोनॉक्साईड रक्तातून हुसकावला जात नाही, निकोटीनने आवळलेली वाहिनी सैल होत नाही, आणि भिंतीत साचलेली चरबी विरघळत नाही. मुक्त मूलके ही धुराची एकच बाजू. आवळा उत्तर देतो ते तेवढ्याच बाजूला, आणि तेही अपुरे. शिवाय दिवसातून पंधरा वेळा नवा मारा येत असतो. छपराला भोक ठेवून रोज घर पुसत राहण्यासारखेच हे झाले.

"मग कमी करतो," असे म्हणणाऱ्यांसाठी मामांच्या चार विड्यांची गोष्ट मी वर सांगितलीच आहे. हृदयाचाही अनुभव तसाच आहे. १४१ अभ्यास एकत्र करून २०१८ साली असे दिसून आले, की दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या विसाव्या हिश्शाइतका नसून जवळजवळ निम्मा असतो. अंकगणितात हे त्रैराशिक बसत नाही. शरीरात मात्र तसे घडते. विडी लहान म्हणून सौम्य, हाही भ्रम आहे. ती विझू नये म्हणून वरचेवर आणि जोराने ओढावी लागते, आणि तिच्या धुरातून निकोटीन, डांबर व कार्बन मोनॉक्साईड सिगारेटपेक्षाही अधिक मिळते.

घरातल्या माणसांचा विचार तर ओढणाऱ्याने आधी करावा. १९९६ साली पंधरा ते तीस वर्षांच्या निरोगी मुलामुलींच्या वाहिन्या वर सांगितलेल्या रीतीने तपासल्या गेल्या. त्यांतील काहींनी स्वतः कधीही धूम्रपान केले नव्हते. मात्र निदान तीन वर्षे, रोज तासभर तरी, दुसऱ्याच्या धुरात ती राहिली होती. त्यांच्याही वाहिन्या नीट रुंदावत नव्हत्या. पुतण्याची धाकटी चार वर्षांची आहे. तो सिगारेट ओढत असतो तेव्हा ती त्याच्या मांडीवर बसलेली असते. तिच्यासाठी कोणी आवळ्याचा रस काढीत नाही.

आता आशेचे बोलतो, कारण या विषयात आशेला खरोखरच जागा आहे. शेवटची सिगारेट विझल्यावर एकदोन दिवसांत कार्बन मोनॉक्साईड रक्तातून जवळजवळ निघून जातो. काही आठवड्यांत क जीवनसत्त्व आपसूक वाढू लागते, कारण त्याची लूट थांबलेली असते. अस्तर हळूहळू पूर्ववत काम करू लागते. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका साधारण निम्म्यावर येतो. रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे मागोवा घेतला. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी भरले. ज्यांनी साठाव्या वर्षी सोडले त्यांना सुमारे तीन वर्षे परत मिळाली. पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना जवळजवळ सर्वच्या सर्व दहा. पुतण्या चौतीस वर्षांचा आहे. हा हिशेब त्याने स्वतः करावा.

त्याच्याकडे बळ नाही असेही नाही. दर वर्षी राखेच्या बुधवारी तो सिगारेट सोडतो आणि संपूर्ण उपवासकाळ तोंडाला लावीत नाही. मग ईस्टरची मिस्सा संपली की चर्चच्या फाटकाबाहेर मित्रांच्या घोळक्यात पहिली शिलगावतो. आमच्या पॅरिशमध्ये असे करणारे तो एकटाच नाही. चटक सर्वांत तीव्र असते ती पहिल्या काही दिवसांत. तीनचार आठवड्यांत तिचा जोर पुष्कळ ओसरतो. म्हणजे हे लोक घाटाचा सर्वांत कठीण चढ चढून माथ्यावर पोहोचतात, आणि उतार लागणार तोच मागे फिरतात. पुढच्या वर्षी पुन्हा तोच चढ. ज्याने चाळीस दिवस सोडले त्याने काय कमावले आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते, म्हणून तो ते सणाच्या दिवशी सहज उधळून टाकतो.

म्हणून घरोघरच्या माताभगिनींना आणि वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. सोडू पाहणाऱ्याला टोमणे मारू नयेत. पहिल्या आठवड्यात तो चिडेल, झोपणार नाही. ते निकोटीनचे देणे आहे, त्याचा स्वभाव बिघडलेला नाही. तो पुन्हा घसरला तर हिणवू नये. अनेकांना तीनचारदा प्रयत्न करावे लागतात. केंद्र शासनाचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे; तेथे व्यसन सोडण्यासाठी सल्ला मिळतो. गरज पडल्यास डॉक्टर निकोटीनची चटक उतरवणारी औषधे देतात. ती घेण्यात कमीपणा नाही. ज्याच्या पोटरीला चालताना वळ येतो आणि थांबल्यावर उतरतो, ज्याच्या बोटाची जखम भरत नाही, त्याने तेल चोळत न बसता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

आवळा जरूर खावा, पेरू खावा, परसातील शेवगा आणि पालेभाजी खावी. ती फळे चांगलीच आहेत, आणि ज्याने धूर सोडला आहे त्याच्या अंगी ती अधिक लागतील. पुतण्याला मी हा सारा हिशेब कागदावर उतरवून दिला आहे. त्याने तो दोनदा वाचला आणि विचारले, "काका, ईस्टरनंतर पहिला दिवस कसा काढायचा?" मी म्हटले, "घरी ये. जेवण करू, आणि मग चालत तळ्यापर्यंत जाऊन येऊ."

येत्या ईस्टरला तो येईल, अशी मी वाट पाहत आहे.